चारूवहिनीच्या लग्नाचा पुरावा

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून घालवली. धुळ्याला गाडी कोर्टाच्या जवळून वळायची, तेव्हा तिथं उतरणाऱ्या माणसांची तोंडं मी बघितलेली आहेत. आपण फक्त घंटी वाजवायची, इथं उतरायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. निवृत्त झालो आणि पहिल्याच वर्षी उतरावं लागलं. तेही स्वतःसाठी नाही, चारूवहिनीसाठी.

चारूवहिनी म्हणजे चारुलता नवनीत पाटील. नवनीत माझा चुलतभाऊ, माझ्याहून वर्षभरानं मोठा. आमची घरं एका भिंतीची. गाव तापीच्या काठचं, शहादा तालुक्यातलं, आम्हा गुजर पाटलांचं. केळी, ऊस, थोडा कापूस. नवनीत स्वभावानं थंड. गाईनं शिंग लावलं तरी तो गाईचीच समजूत काढेल. वहिनी नेमकी उलट. फटकळ. शेतात लाईट आली की मोटार सुरू करायला नवऱ्याच्या आधी हीच पळायची. केळीचे घड मोजून न्यायला व्यापारी आला की तो नवनीतशी गोड बोलायचा आणि वहिनी बांधावरून उठून यायला लागली की घाम पुसायचा. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी काय केलं असेल ते त्यांनाच माहीत. घरात म्हातारी जमनाबाई, नवनीतची आई, आणि दावणीला चार म्हशी, एवढा संसार ती दणक्यात चालवायची. मला ती दर दोन दिवसांनी काहीतरी सुनावायची. "चुडामणभाऊ, रिटायर व्हयनात म्हनजे ओट्यावर बठानी नोकरी लागनी का?" असं.

दोन वर्षांपूर्वी नवनीतच्या पायाला सूज आली. मग तोंडाला. शहाद्याच्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि नंदुरबारला पाठवलं, नंदुरबारनं नाशिकला. दोन्ही किडन्या बसल्या होत्या. एक दिवसाआड नंदुरबारला डायलिसिस सुरू झालं. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळी पिळून काढलेल्या फडक्यासारखा नवनीत घेऊन परत यायचं. मी बहुतेक वेळा सोबत असायचो, पण बॅग मात्र वहिनी माझ्या हातात देत नसे.

नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं की डायलिसिसवर याचं हृदय फार दिवस तग धरणार नाही, किडनी बदलावी लागेल आणि घरातल्या कुणी दिली तर उत्तम. जमनाबाई ऐंशीच्या घरात, ती म्हणाली, "मन्ही ल्या." डॉक्टरांनी तिला हात जोडले. नवनीतची एकुलती बहीण सीमा गुजरातेत दिलेली, तिला साखर. मागं कोण राहिलं? वहिनी डॉक्टरांच्या टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "मन्हाकडे दोन शेतस ना? मंग एक त्यासले द्या. वाट कसानी देखतस?"

तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. डॉक्टर म्हणाले, नवराबायकोत इतकं चांगलं जुळणं म्हणजे नशीबच. वहिनी गाडीत बसल्यावर नवनीतला म्हणाली, "देखा, तुमना बाप कुंडली देखत नव्हता, पण मेळ बराबर बसना." नवनीत हसला. किती दिवसांनी हसला होता.

घोडं अडलं ते कागदावर.

नात्यातल्या माणसाची किडनी घ्यायची तर नातं सिद्ध करावं लागतं. बायको असेल तर लग्न झाल्याचा पुरावा. कायदा बरोबरच आहे, गरिबाला पैसे देऊन 'बायको' करून आणणारे नग या जगात आहेत. पण आमच्याकडं नव्वद साली लग्न नोंदवायची पद्धत कुठं होती? मंडपात सगळं गाव जेवलं, हीच नोंद. मग ग्रामसेवकाकडं जाऊन आत्ता नोंदणी केली. नवनीतला रिक्षातून ग्रामपंचायतीत नेलं, दोघांचे अंगठे मशीनवर टेकवले, साक्षीदार म्हणून मी सही केली. प्रमाणपत्र मिळालं. नाशिकच्या दवाखान्यातल्या कमिटीनं ते हातात घेतलं, नोंदणीची तारीख बघितली आणि एकमेकांकडं बघितलं. ऑपरेशन ठरल्यावर महिनाभरात लग्नाची नोंद! त्यांच्या जागी मी असतो तरी मलाही शंका आली असती. आधार कार्ड, रेशन कार्ड पुढं केलं तर कमिटीतल्या मॅडम म्हणाल्या, हे सगळं तुमच्या सांगण्यावरून होतं. लग्नाच्या वेळचं काही आहे का?

मग दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले. लग्न कधी झालं, कुठं झालं, नवरा कोणत्या कुशीवर झोपतो. वहिनी सगळं खडाखडा बोलली. शेवटी कुणीतरी सहज विचारलं, "तेव्हापासून सतत एकत्रच राहता ना?"

दुसरी एखादी 'हो' म्हणून मोकळी झाली असती. वहिनी म्हणाली, "नाही. मध्ये दोन वर्षं मी माहेरी होते."

"का?"

"साटंलोटं होतं."

नाशिकच्या डॉक्टरांना साटंलोटं काय कळणार. तुम्हालाही सांगायला हवं. दोन घरं एकमेकांच्या पोरी करतात, त्याला साटंलोटं म्हणतात. आमच्या मगनकाकांनी, म्हणजे नवनीतच्या बापानं, आपली पोर सीमा दिली भाग्येशला आणि भाग्येशची मोठी बहीण चारुलता केली नवनीतला. एक मंडप, एक आचारी, एक पत्रिका, दोन लग्नं. खर्च निम्मा, म्हणून म्हातारे खूश. मी त्या दिवशी पंगतीत वरण वाढत होतो आणि दोन्ही नवरदेव माझ्या ओळखीचे असल्यानं दोघांचीही टिंगल करत होतो. चौघांचा मिळून एक फोटो काढला होता, तेवढाच काय तो फोटो.

साटंलोट्यात खर्च निम्मा असतो आणि भोग दुप्पट. तीन-चार वर्षांत सीमा भाग्येशचं घर सोडून माहेरी आली. भाग्येशच्या हाताला वाईट सवय होती, एवढंच सांगतो. ती आली ते बरंच केलं. पण मग रूढी पुढं आली. त्यांच्याकडून आपली पोर परत आली की आपल्याकडून त्यांची पोर परत. मगनकाकानं दुसऱ्या दिवशी वहिनीची पेटी जीपमध्ये ठेवली. नवनीतला कुणी विचारलं नाही, वहिनीला तर नाहीच. नवनीत गोठ्यात जाऊन बसला होता. मी त्याला म्हणालो, जा, बापाला आडवा हो. तो म्हणाला, "काय सांगू बापले?" तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता येत नाही. आम्ही सगळेच तसले होतो.

पुढं भाग्येशनं धुळ्याच्या कोर्टात घटस्फोटाची केस लावली. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता, सगळं धुळ्यालाच. केस दीड-दोन वर्षं चालली, भाग्येश सुटला, सीमाही सुटली (पुढं तिला गुजरातेत दिली), आणि म्हाताऱ्यांची डोकी थंड झाली. त्या साली सारंगखेड्याच्या यात्रेत नवनीत आपली लुना घेऊन गेला. घोड्यांच्या बाजाराजवळ वहिनी तिच्या आईबरोबर उभी होती. दोघं काय बोलले देव जाणे. संध्याकाळी लुनावर मागं बसून ती आमच्या गल्लीत आली आणि सरळ चुलीपाशी जाऊन भाकरी थापायला लागली. मगनकाका बाहेर खाटेवर होता. त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या, एवढाच काय तो समारंभ. पुन्हा लग्न नाही, पुन्हा माप ओलांडणं नाही. मोडलंच कुठं होतं की पुन्हा जोडायचं?

हे सगळं वहिनीनं कमिटीला सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यातली एकच गोष्ट उचलली. "म्हणजे कोर्टात केस झाली होती. कुणाची?"

"माझ्या भावाची."

"तुमची नाही?"

"नाही. मी साक्षीला गेले होते."

"मग त्या केसचा निकाल आणा. सही-शिक्क्याची नक्कल. तुमचं लग्न झालं होतं आणि ते मोडलेलं नाही, हे त्यात दिसलं तर आम्हाला पुढं जाता येईल."

बाहेर आल्यावर मी वहिनीला म्हणालो, कशाला सांगितलंत ते माहेरचं पुराण? ती माझ्यावरच चिडली. "खरं सांगाले काय भ्याव? आनि बरंच व्हयनं. कोर्टमा मन्हं लग्न लिखेल शे. जजसायेबना समोर लिखेल शे."

परतीच्या गाडीत तिनं मला ती साक्ष सांगितली. नवनीत खिडकीला डोकं टेकून झोपला होता. तिला पिंजऱ्यात उभं केलं आणि वकिलानं पहिलाच प्रश्न विचारला, नवऱ्याचं नाव सांगा. आता आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेतात का? लग्नातल्या उखाण्यात एकदा, तेही पाठीत गुद्दे बसल्यावर. ती गप्प. वकिलानं पुन्हा विचारलं. सासरे समोर बसलेले, बाप समोर, सगळी भाऊबंदकी समोर. शेवटी जज म्हणाले, बाई, नाव घेतल्याशिवाय साक्ष होत नाही. मग तिनं डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हटलं, "नवनीत मगन पाटील." म्हणाली, कान असे तापले, असे तापले की त्यानंतर वकील काय बोलत होता ते एक अक्षर ऐकू आलं नाही. बापानं घरून सांगून ठेवलं होतं की वकील विचारेल त्याला हो म्हणायचं. ती हो, हो म्हणत गेली आणि खाली उतरली.

"पन पहिलं तेच लिखेल शे," ती म्हणाली. "मन्हा तोंडनं, त्यासनं नाव."

मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की काय सांगू. मी तिला म्हणालो, वहिनी, कागद आणून देतो.

इथून माझी पायरी चढणं सुरू झालं. धुळ्याच्या कोर्टात नक्कल विभाग असतो. तिथं अर्ज द्यायचा, वर कोर्ट फीचं तिकीट लावायचं, केसचा नंबर लिहायचा. नंबर कुणाला माहीत? साल अंदाजे, नावं पक्की. जुन्या निकाली कामांची रजिस्टरं असतात, त्यात शोधायला सांगितलं. तिथला कारकून भला माणूस, त्यानं शोधलंही आणि नंबर सापडला. पण मग म्हणाला, "तुम्ही या केसमध्ये पक्षकार आहात का? बाई आहेत का?" नाहीत. साक्षीदार. "मग पक्षकाराचा अर्ज आणा. नाहीतर कारणाचं प्रतिज्ञापत्र करा, साहेबांसमोर जाईल, परवानगी मिळाली तर मिळेल. त्याला वेळ लागतो."

पक्षकार म्हणजे भाग्येश. नाहीतर सीमा, पण ती गुजरातेत, नव्या घरात तिचं जुनं लग्न कुणी उच्चारत नाही. भाग्येश जवळ, तासाभराच्या वाटेवर. आम्ही दोघं गेलो. त्याचं आता दुसरं कुटुंब, दोन पोरगे, दारात ट्रॅक्टर. चहा आला. वहिनीनं सांगितलं तसा तो बशीकडं बघत राहिला.

"ताई, काबर उकरस ते जुनं? तठे तुन्हा कामनं काही नही शे."

"मन्हं लग्न शे तठे," वहिनी म्हणाली.

"मी त्या केसनं नाव बी काढू देत नही घरमा."

"मी कोठे नाव काढाले सांगस? सही कर."

त्यानं सही केली. मला वाटलं लाजतोय. पहिल्या बायकोला मारलेलं कागदावर असणार, म्हणून लाजतोय. मी मनात म्हटलं, लाज, थोडी उशिरा का होईना. कागदात काय आहे हे त्याला ठाऊक होतं आणि तो ते तोंडावर सांगू शकला नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा सांगितलं असतं तरी काय फरक पडला असता, हेही मला आता ठरवता येत नाही.

अर्ज दिला आणि वाट बघणं सुरू झालं. दफ्तरखान्यातून गठ्ठा निघायला वेळ लागतो. दर फेरीला कारकून सांगायचा, अजून वर आलेला नाही. तिकडं नवनीतच्या हाताची शीर खराब झाली, मानेतून नळी घातली. ताप यायला लागला. नाशिकहून मॅडमचा फोन यायचा, कागद मिळाला का? वहिनी त्यांना सांगायची, निघतोय. म्हशीचं दूध काढताना फोन आला तरी हात न पुसता घ्यायची.

शेवटी गठ्ठा निघाला. कारकून म्हणाला, साक्षीपुरावे, फोटो वगैरे आता नाहीत. ठरावीक वर्षांनी ते नियमाप्रमाणे नष्ट करतात. त्याआधी परत घ्यायची मुभा असते, पण कुणी आलं नाही. म्हणजे चौघांचा तो एकुलता फोटो, जो भाग्येशच्या वकिलानं कोर्टात लावला होता, तो गेला. पण निकालपत्र कायम ठेवतात. त्याची नक्कल तयार आहे.

वहिनीनं त्या दिवशी नवी साडी नेसली होती. मी विचारलं नाही का ते. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली कट्टा आहे, तिथं आम्ही बसलो. निकाल मराठीत होता. ती म्हणाली, तुम्ही वाचा, मोठ्यानं वाचा. मी कंडक्टरच्या आवाजात वाचायला लागलो. अर्जदार म्हणजे भाग्येश, जाबदार म्हणजे आमची सीमा. मग ती जागा आली.

"साक्षीदार चारुलता ही अर्जदाराची सख्खी बहीण असून तिचे लग्न जाबदाराचा भाऊ नवनीत मगन पाटील याच्याशी त्याच दिवशी, त्याच मंडपात झाले होते."

वहिनीनं पदरानं तोंड पुसलं. "देखा," ती म्हणाली, "लिखेल शे का नही!"

माझी नजर पुढच्या ओळीवर गेली होती आणि मी वाचायचा थांबलो. ती म्हणाली, वाचा ना. मी म्हणालो, बस झालं, आपल्या कामाचं एवढंच आहे. पण ती कुठली ऐकतेय. सातवी शिकलेली बाई, माझ्या हातातून कागद घेऊन बोट ठेवून वाचायला लागली.

"जाबदार घर सोडून गेल्यानंतर समाजाच्या रूढीप्रमाणे सदर साक्षीदाराचीही फारकत झाली असून आता तिचा व सदर नवनीत याचा पती-पत्नी म्हणून कोणताही संबंध उरलेला नाही, असे तिने शपथेवर सांगितले आहे. सदर पुरावा जाबदाराने नाकारलेला नाही."

तिनं ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडं बघितलं.

"असं बोलनी व्हती मी?"

भाग्येशच्या वकिलाला दाखवायचं होतं की सीमा कायमची गेली, इतकी कायमची की तिच्या भावाचंही घर मोडलं. त्यासाठी एक 'हो' हवा होता. बापानं सांगितलं होतं हो म्हण. हिचे कान तापलेले. ती हो म्हणाली. आमच्या सीमानंही नाकारलं नाही, कारण आमच्या लोकांत तसंच बोलायची रीत. मोडलं म्हणायचं असतं, म्हणजे समोरच्याला वचक बसतो. बोलताना कुणाला वाटत नाही की हे लिहून घेतलं जातंय आणि फोटो जाळला जाईल तेव्हाही हे वाक्य कपाटात जपून ठेवलं जाईल. मला त्या झाडाखाली सगळ्यांचा राग आला. मगनकाकाचा, भाग्येशचा, त्या वकिलाचा, आणि वरण वाढत हसणाऱ्या माझाही. पण राग घेऊन जायचं कुठं? निम्मे मेलेले, निम्मे म्हातारे.

मी म्हणालो, वहिनी, हा कागद फाडा. सांगू सापडला नाही. तिनं कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाली, नंबर त्यांच्याकडं आहे, भाऊ. अर्ज केला तेव्हाच मी मॅडमला फोनवर सांगितला होता. ते स्वतः मागवतील आणि मग मी खोटी ठरेन. आता निदान खरी आहे.

नाशिकला कमिटीनं कागद वाचला. ओरडले नाहीत, टाकून बोलले नाहीत, उलट खुर्ची दिली. त्यातल्या वयस्कर डॉक्टरांनी चष्मा काढून सांगितलं, "आम्हाला तुमच्यावर विश्वास आहे हो. पण उद्या कुणी विचारलं तर आमच्यापुढं कोर्टाचा कागद आहे. कोर्टाचा कागद कोर्टच दुरुस्त करू शकेल." डॉक्टर चांगले निघाले याचंच मला वाईट वाटलं. वाईट असते तर भांडता आलं असतं.

नंदुरबारला काजल चौधरी नावाची तरुण वकील आहे, आमच्याच समाजातली. तिनं सगळं वाचलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, दावा लावू, की हे लग्न कायम आहे असं कोर्टानं जाहीर करावं. फक्त दाव्यात कुणीतरी समोर लागतो. बायकोनं मागायचं तर समोर नवरा. वहिनीला ते पटेना. "मी त्यासनावर केस करू?" काजलनं समजावलं, नावापुरतंच आहे, नवनीतकाकांनी येऊन कबूल आहे म्हणायचं, तातडीचा अर्जही देऊ.

तर कागदावर असं झालं: चारुलता विरुद्ध नवनीत. समन्स घेऊन बेलीफ घरी आला तेव्हा नवनीत खाटेवर पडून होता. त्यानं ते उलटंसुलटं बघितलं आणि वहिनीला म्हणाला, "आते तरी सांग, काय गुन्हा करा मी?" वहिनी हसता हसता आत गेली. मी मागून पाणी मागायला गेलो तर ती पिठाच्या डब्यावर डोकं टेकून उभी होती. मी तसाच बाहेर आलो.

पहिल्या तारखेला साहेब रजेवर होते. दुसऱ्या तारखेला नवनीतला नेलं, रिक्षातून उतरवलं, व्हरांड्यात बाकड्यावर बसवलं. आमचं काम पुकारायच्या आधी त्याला थंडी वाजून ताप भरला आणि सरळ दवाखान्यात न्यावं लागलं. काजल आत साहेबांना सांगत होती, साहेबांनी ऐकलं, जवळची तारीख दिली. त्याहून जवळची कुणी देऊ शकलं नसतं. कुणाचीच चूक नव्हती. रोज मी चूक करणारा माणूस शोधायचो आणि रोज कुणीतरी आपलं काम नीट करताना दिसायचं.

दवाखान्यात वहिनी नवनीतच्या उशाशी बसलेली असायची. एकदा मी आत गेलो तर ती आपल्या कुशीवर हात ठेवून त्याला सांगत होती, "आठेच शे. कोठे जाई नही ऱ्हायनी. तुमनीच शे." तो डोळे मिटून मान हलवत होता.

तारखेच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, नवनीत गेला. मी बाहेर रसवंतीवर उभा होतो, आत आलो तेव्हा पडदा ओढलेला होता. जंतुसंसर्ग रक्तात गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं. वहिनी रडत नव्हती. नुसती त्याच्या पायाची सूज दाबून बघत होती.

थोड्या वेळानं वॉर्डमधली मुलगी फॉर्म घेऊन आली. शव ताब्यात घ्यायचं होतं. तिनं विचारलं, "पेशंटचं कोण आहे?"

मी पुढं झालो. ती म्हणाली, "तुम्ही नाही, जवळचं कोण? मिसेस आहेत का?"

"मी," वहिनी म्हणाली.

"नाव?"

"चारुलता नवनीत पाटील." या वेळी ती अडखळली नाही.

मुलीनं लिहिलं: नातं, पत्नी. "इथं सही करा, मावशी."

वहिनीनं पेन हातात घेतलं आणि थांबली. मग पिशवीत हात घालून ती कागदांची जाड पाकिटं काढायला लागली. आधार, रेशन कार्ड, ग्रामपंचायतीचं प्रमाणपत्र, कोर्टाची नक्कल, दाव्याची प्रत. एकेक काढून ती टेबलावर मांडायला लागली. मुलगी गोंधळली. म्हणाली, "मावशी, काही लागत नाही. फक्त सही करा."

तिनं सही केली. मुलगी फॉर्म घेऊन निघून गेली. बाहेर शववाहिकेचा ड्रायव्हर गाडी मागं घेत होता. वहिनी सगळे कागद गोळा करून पुन्हा पिशवीत घालत होती आणि मध्येच हात थांबवून तिनं मला विचारलं,

"भाऊ, आते कशी चालनी मन्ही सही?"